तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या नॅटवर आपला गोल का नाही

घरी कोणी आलं की शोकेसमधलं ते वीतभरही नसलेलं लढाऊ विमानाचं मॉडेल बघून हमखास विचारतात, "अहो हे नॅट ना? मग आपल्या हवाई दलाचा केशरी-पांढरा-हिरवा गोल कुठाय, हा निळा-पांढरा कुणाचा?" इतक्यांदा सांगून झालंय की म्हटलं आता लिहूनच टाकू. फिनलंडचा आहे तो.

नॅट म्हटलं की आपल्याला ६५ च्या युद्धात पाडलेली पाकिस्तानी सेबर विमानं आठवतात, ७१ चं श्रीनगर आणि तिथे नॅटमधून लढलेले परमवीर सेखों आठवतात, ते बरोबरच आहे. पण हे ब्रिटिश पिल्लू फिनलंडनेही घेतलं होतं, मोजून १३. हसू नका, त्यांचे हातच बांधलेले होते. महायुद्धात हरल्यावर १९४७ च्या पॅरिस तहात लिहून घेतलं की लढाऊ विमानं जास्तीत जास्त ६० आणि हवाई दलात माणसं ३,०००, बास. पहिली जेट आली १९५३ ला, व्हॅम्पायर, तीही ६ च.

पहिलं नॅट पोचलं ३० जुलै १९५८ ला आणि दुसऱ्याच दिवशी मेजर लाउरी पेकुरींनी ते घेऊन लुओनेत्यार्वी तळ्यावर आवाजाचा वेग ओलांडला, फिनलंडमध्ये पहिल्यांदाच. (नॅट सरळ उडताना तेवढं पळत नाही, खाली सूर मारावा लागतो.) आणि हा माणूस कोण, तर १९४२ मध्ये पेटलेलं ब्रूस्टर विमान रशियन हद्दीतल्या एका तळ्यात उतरवून पायी आपल्या लोकांत परत आलेला! ते ब्रूस्टर १९९८ ला तळ्यातून काढलं, ५६ वर्षं पाण्यात होतं.

कौतुक महिनाभरही टिकलं नाही म्हणा. ऑगस्टमध्येच हायड्रॉलिक्सच्या (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेच्या) डिझाइनमधल्या चुकीने एक नॅट गेलं आणि बाकीची सहा महिने जमिनीवर. आपल्याकडेही नॅटच्या हायड्रॉलिक्सने कमी छळलं नाही, पुढे एचएएल या आपल्या सरकारी विमान कंपनीने नॅटची सुधारित आवृत्ती, अजीत, काढलं त्यात ते सुधारायला घेतलं. पण १३ मधलं एक जाणं म्हणजे काय ते बघा ना, मला तर तिथेच हा देश आवडला. तरी त्यांनी १९७२ पर्यंत वापरली.

बाकी डाव्या पंखावरचा गोल जवळून बघू नका, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) जुनं होतं, पाण्यात टाकल्याबरोबर तीन तुकडे झाले, चिमट्याने जुळवत बसलो रात्री दीडपर्यंत. आपल्या नॅटचं किटही आणून ठेवलंय, डबा अजून उघडला नाहीये.