एकोणपन्नासाच्या पुढची बाई

ब्रिस्टलमध्ये आमच्या रांगेतल्या चौथ्या घरात साठी ओलांडलेल्या एक बाई राहतात. मी इथं आले त्या पहिल्या थंडीत घर तापवायचा बॉयलर कसा चालवायचा ते त्यांनीच दाखवलं, तेव्हापासून आमचं येणंजाणं आहे. होळीला पुरणपोळ्या द्यायला गेले तर त्या चष्मा लावून, हातात पेन घेऊन टेबलाशी बसल्या होत्या. समोर छापील कागदांचं बाड. रात्री किती वेळा जाग येते, अंगातून वाफा अजून येतात का, शिंकताना-खोकताना लघवी सुटते का, गुडघे कसे आहेत, मन कसं आहे. मला वाटलं, डॉक्टरांनी दिलं असेल. त्या म्हणाल्या, नाही, हे मी १९९१ पासून भरतेय. थोरला पोटात होता तेव्हापासून.

त्या दिवशी पोळ्या तशाच राहिल्या आणि मी दोन तास त्यांचं ऐकत बसले.

१९९१ आणि १९९२ या दोन वर्षांत ब्रिस्टल आणि आसपासच्या भागात दिवस गेलेल्या बायकांना विद्यापीठानं विचारलं होतं, आमच्या अभ्यासात याल का? जीन गोल्डिंग या संशोधक बाईंनी तो सुरू केला. १४,५४१ गरोदरपणांची नोंद झाली. लोक त्याला ‘नव्वदीची मुलं’ म्हणून ओळखतात, पण नुसती मुलंच मोजली नाहीत. आयांचं रक्त, लघवी जपून ठेवली, बाळामागून पडणारी वारही जपून ठेवली. बाळंतपण झालं म्हणून बाईला सोडून दिलं नाही. पुढं तिची पाळी जायची वेळ आली तेव्हा पुन्हा बोलावलं, हाडं तपासली, रक्तदाब घेतला. आता त्या मुलांना मुलं होताहेत, त्यांचीही नोंद चालू आहे. एका बाईचं पोट, तिची लेक, लेकीचं पोट असा धागा तीस वर्षांच्या वर कुणीतरी हातातून सुटू दिलेला नाही.

आणि जपून ठेवण्याचा उपयोग कसा होतो बघा. आयोडीन कमी असलेल्या आईच्या बाळावर काय परिणाम होतो, हा प्रश्न घेऊन दुसऱ्या एका विद्यापीठातले लोक वीस वर्षांनी आले. हजारेक बायकांच्या गरोदरपणातल्या लघवीचे नमुने फ्रीजरमध्ये तयार होते, आणि त्यांची मुलं आठ-नऊ वर्षांची असताना त्यांच्या बुद्धीची आणि वाचनाची मोजमापंही तयार होती. २०१३ साली उत्तर आलं: आईला आयोडीन थोडंसंच कमी असलं तरी मुलं मागं पडलेली दिसतात. बायकांनी नमुने दिले त्या दिवशी हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही नसेल.

घरी आल्यावर मला झोप लागेना. माझ्या आईला कुणी काय विचारलं होतं?

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाव तुटायचं. माझी धाकटी काकी १९८८ च्या आषाढात बाळंत झाली. घरीच, सुईणीच्या हातानं, मुलगी झाली. सगळं नीट झालं म्हणून बायका बाहेर आल्या, चहा ठेवला. मग आतून कुणीतरी म्हणालं, “अंगावरून जरा जास्त जातंय.” ‘जरा जास्त’ म्हणजे किती, हे तिथं कुणालाच सांगता येत नव्हतं. लुगडं भिजलं, दुसरं दिलं, तेही भिजलं. बैलगाडी जुंपेपर्यंत, ओढा उतरेपर्यंत, रस्त्यावर टेम्पो मिळेपर्यंत पहाट झाली. काकी बेळगावला पोचली नाही. मी पाच वर्षांची होते, मला फक्त मोरीत पडलेली ती लुगडी आठवतात.

ही गोष्ट मी इथं कुणाला कधी सांगितली नव्हती. शेजारच्या बाईंना सांगितली. आणि मग त्याच रात्री शोधताना जे सापडलं त्यानं मी हादरूनच गेले, कारण ते आमच्याच मातीतलं होतं.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर एक अभ्यास झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर केला. बाळंतपणानंतरचं रक्त थांबवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं, पण त्याला थंड ठेवावं लागतं, सुई लागते, टोचणारं माणूस लागतं. खेड्यात यातलं काय असणार? मिसोप्रोस्टॉलची गोळी मात्र नुसती गिळायची. बाळ बाहेर आलं की नर्सबाईनं निम्म्या बायकांना ती गोळी द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली. पाचशे मिलीलिटरच्या वर रक्त गेलेल्या बायका शंभरात १२ होत्या, त्या ६.४ वर आल्या. हजार मिलीलिटरच्या वर गेलेल्या १.२ टक्क्यांवरून ०.२ वर. २००६ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी या कामासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

पण माझा जीव अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत. रक्त किती गेलं हे मोजायचं कसं, म्हणून या अभ्यासासाठी त्यांनी प्लास्टिकची एक चादर तयार केली. बाळंतिणीच्या खाली घालायची. खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी, पिशवीवर दुधाच्या मापावर असतात तशा रेघा. बस्स. एवढंच. नुसत्या डोळ्यांनी अंदाज करणाऱ्यांची आणि या चादरीची तुलना केली तेव्हा डोळ्यांचा अंदाज सुमारे एक तृतीयांशानं कमी निघाला. म्हणजे आमच्या घरातल्या बायका चुकल्या नव्हत्या. शिकलेली माणसंही तशीच फसतात. लुगडं पितं, गोधडी पिते, जमीन पिते, आणि बघणाऱ्याला वाटतं, जरा जास्त.

२०२३ साली आफ्रिकेतल्या चार देशांत, ८० दवाखान्यांत, दोन लाखांवर बाळंतपणांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशीच रेघांची चादर आणि रक्त जास्त जातंय असं दिसताच एकदम सुरू करायचे उपचार यांची जोड होती. भयंकर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आलं. हा अभ्यास चालवला बर्मिंगहॅम विद्यापीठानं. बर्मिंगहॅम माझ्या घरापासून आगगाडीनं दीड तास. मी तिथून कितीदा गेले असेन. आमच्या जिल्ह्यातल्या बाळंतिणींच्या अंगाखालून निघालेली कल्पना एवढं फिरून माझ्या शेजारी आली होती, आणि मला पत्ता नव्हता.

बेळगावच्या बायका त्यानंतरही अशा अभ्यासांना साथ देत राहिल्या. ॲस्पिरिननं हृदयविकार टळतो का, हे पाहणारा अमेरिकेतला प्रसिद्ध अभ्यास २२,०७१ डॉक्टरांवर झाला. सगळे पुरुष. बाई त्यात औषधालाही नाही. तीच ॲस्पिरिन, अगदी थोडी, पहिलटकरणींना सुरुवातीच्या महिन्यांपासून दिली तर दिवस भरायच्या आधी होणारी बाळंतपणं कमी होतात का, हे सहा देशांतल्या जवळजवळ १२ हजार बायकांनी दाखवून दिलं. १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर. २०२० साली ते छापून आलं. त्या सहा देशांत भारत होता, आणि भारतातल्या दोन जागांपैकी एक बेळगाव, दुसरी नागपूर. नावं कुणाची छापली नाहीत, छापायचीही नसतात. पण तुमची एखादी वहिनी, एखादी मावसबहीण त्यात असू शकेल.

मग मला खुपतं काय? हे सगळं पोटात बाळ असतानाचं आहे. त्याची गरज होती, आहे, काकीमुळे ते मी कधीच कमी लेखणार नाही. पण बाईचं पोट रिकामं झालं की आपल्याकडची वही मिटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी घ्या. २०१९ ते २१ च्या पाहणीत ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, हा आकडा आपण सगळीकडे वाचतो. त्या बायका १५ ते ४९ वयाच्या. बायकांची मुख्य प्रश्नावलीच त्या वयाची आहे. साखर आणि रक्तदाब पुढच्या वयातही मोजले, पण बाकीच्या प्रश्नांना बाई एकोणपन्नासाला संपते. पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांचा एक मोठा अभ्यास २०१७-१८ मध्ये मुंबईच्या लोकसंख्या संस्थेनं सुरू केला, ७२ हजारांवर माणसं घेऊन, आणि त्याच माणसांकडे पुन्हा जायचं असं ठरवून. तो चांगलाच आहे. पण त्यातली बाई पंचेचाळिशीत येते ती मागचं सगळं आठवणीतून सांगत. पाळी कितव्या वर्षी आली? “चौथीत होते का पाचवीत, कुणाला ठाऊक.” पहिल्या खेपेला वजन किती होतं? कुणी केलंच नव्हतं. म्हणून त्या-त्या वयात विचारावं लागतं. चाळिशीतल्या हाडांचं कारण चौदाव्या वर्षीच्या ताटात असतं.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मधुमेहाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून हेच केलंय. आईचं आधीपासूनचं खाणं, वजन, मग बाळ, मग ते बाळ मोठं होताना. दिसायला किरकोळ पण अंगात चरबी जास्त, असं आपलं बाळ असतं हे तिथून जगाला कळलं. आणि पुढं त्याच मुलामुलींना, त्यांना मुलं व्हायच्या आधी, ब-१२ जीवनसत्त्व देऊन बघितलं. पोटात बाळ आल्यावर नाही, त्याच्याही आधी. मला हा विचार फार मोठा वाटतो.

आपल्या भागात असं कितीतरी विचारण्यासारखं आहे. निपाणीच्या वखारीत, विडीच्या सुपासमोर ज्यांचं तरुणपण गेलं त्या मावश्या आज साठीत कशा आहेत? माझी आजी रोज सकाळी चुलीपाशी बसून मिश्री लावायची, सहा बाळंतपणांत एक दिवस चुकवला नाही. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा २००४ साली छापलेला अभ्यास सांगतो की मिश्री, तंबाखू वापरणाऱ्या आईचं बाळ सरासरी १०५ ग्रॅमनं हलकं. ते हलकं बाळ मुलगी असेल तर ती पंचवीस वर्षांनी कशी बाळंत होते, पन्नास वर्षांनी तिची साखर किती? आजीच्या मिश्रीपासून नातीपर्यंतचा तो धागा आमच्याकडं कुणी धरलेला मला माहीत नाही.

आणि विचारायचं तर आमच्या शब्दांत विचारा. आमच्या सीमाभागात नोंदीची वही एका भाषेत आणि बाई दुसऱ्या भाषेत, हे नेहमीचंच. पण मराठीतसुद्धा पुस्तकी मराठी आणि बायकांची मराठी वेगळी. ‘रजोनिवृत्तीची लक्षणं जाणवतात का’ म्हटलं तर आई मान हलवून ‘नाही’ म्हणेल. ‘पाळी गेल्यावर अंगातून वाफा येत होत्या का’ म्हटलं की तासभर बोलेल. गर्भाशय काढलेल्या बाईला ‘पिशवी काढली का’ असंच विचारावं लागतं. पांढरं जाणं, अंगावरून जाणं, कंबर धरणं, अंग बाहेर येणं (म्हणजे पिशवी खाली सरकणं), हे शब्द प्रश्नावलीत नसतील तर ती दुखणीही कागदावर येत नाहीत.

मी संशोधक नाही. एका कंपनीत हिशेब बघते. पण त्या रात्रीनंतर मी एक साधी वही केली आणि दर रविवारच्या फोनवर आईला एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं. (हे सगळं आईला विचारून लिहितेय.) पहिल्या रविवारी ती हसली. “काय विचारूलीस गे हे? आता ह्या वयात कशाला?” दुसऱ्या रविवारी थोडं सांगितलं. तिची पाळी पंचेचाळिसाव्या वर्षी गेली. इथं ती सरासरी एक्कावन्नाव्या वर्षी जाते, म्हणजे पाळी असेपर्यंत हाडांना जो आधार मिळतो, तो आईच्या हाडांनी सहा वर्षं आधीच गमावला. पाचव्या रविवारी मी विचारलं, “अंग बाहेर येतं का गे कधी?” फोनवर बराच वेळ काही नाही. मग हळूच, “अकरा वर्षं झाली.”

अकरा वर्षं. या काळात मी तीनदा गावी गेले होते. तिनं माझ्यासाठी उकड्या तांदळाच्या गोणी हलवल्या, विहिरीचं पाणी शेंदलं, आणि कुणालाही सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. वहिनीनं तिला बेळगावला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून आत बसवायची रिंग दिली, जड उचलायचं नाही म्हणून सांगितलं. इतकं साधं होतं ते.

परवाच्या रविवारी मी प्रश्न विचारायच्या आधी आईनंच सुरुवात केली. भजनाच्या बायकांना तिनं विचारलं होतं. सरळ, देवळाच्या पायरीवर बसून. “तेरा जणींस्नी विचारलं. पाच जणींना आहे. त्यातल्या दोघी माझ्यासारख्याच, कुणाला सांगितलं नाही. लिहून घेतलीस काय?”

घेतलं म्हटलं.

“थांब मग. वरच्या आळीतल्या अजून राहिल्यात.”