कागदामागची ओळ

एम.एस्सी.ला असताना गोळा केलेले वनस्पतींचे नमुने परवा बऱ्याच वर्षांनी बाहेर काढले. सगळ्या कागदांचे फोटो काढून माहिती सर्वांना खुली करायची, असं विभागात ठरलंय. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी आहे: शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, तारीख, संकलक. संकलकापुढे सगळीकडे माझं नाव. एका वेलीचा कागद उलटला, तर मागे पेन्सिलीने लिहिलेलं, ‘मूळ उगाळून सुजेवर. फुलोऱ्याआधीच खणायचं.’

हे मला जंगलातल्या एका वस्तीवरच्या आजींनी सांगितलं होतं. मूळ उगाळूनही दाखवलं होतं. त्यांचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. प्रबंधात ‘स्थानिक माहितगारांच्या मते’ एवढ्यावर मी त्यांची बोळवण केली.

ही ओळ खुली करावी का, यावर आठवडाभर अडले आहे.

लिहून ठेवलं की संरक्षण मिळतं, हे खरं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं. ते १९९७ मध्ये रद्द झालं, कारण भारताच्या सीएसआयआरला (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेला) जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे करता आले. घराघरांत हळद लावतात, एवढं सांगून भागलं नसतं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा म्हणून चालत नसे, छापील कागद लागे. ज्यांचं ज्ञान तोंडोतोंडीच पुढे जातं, त्यांनी काय दाखवायचं?

पण एकदा छापलं, की कुणाला आजींकडे जायची गरजच उरत नाही. कलहारीतले सान लोक शिकारीवर असताना भूक-तहान भागवायला हूडिया ही निवडुंगासारखी दिसणारी वनस्पती चघळत. ही माहिती जुन्या लिखाणात नोंदलेली होती. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने तिच्यातल्या घटकाचं पेटंट घेतलं आणि १९९७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीला परवाना दिला. सानांना कुणी विचारलंही नाही. बोभाटा झाल्यावर, २००३ मध्ये करार झाला: संस्थेला मिळणाऱ्या रॉयल्टीतले ६ टक्के. विक्रीतले नव्हेत!

केरळातल्या काणी लोकांची गोष्ट याहून बरी. १९८७ मध्ये अगस्त्यमलाईच्या जंगलात दमलेल्या शास्त्रज्ञांना काणी वाटाड्यांनी आरोग्यपच्चा या वनस्पतीची फळं खायला दिली. त्यातून ‘जीवनी’ हे औषध तयार झालं, आणि संशोधन संस्थेने परवाना शुल्क व रॉयल्टीतला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरवलं. हे मला मोलाचं वाटतं. तरी मी दरवेळी त्या फळांपाशीच थांबते. दमलेल्या माणसाला खायला दिलं, याला संमती म्हणायचं? काणींचे वैद्य म्हणजे प्लाथी. त्यांच्यातल्या काहींचा हे ज्ञान बाहेर जाऊ द्यायलाच विरोध होता. मग होकार कुणाचा धरायचा?

जैविक संपत्ती आणि तिच्याविषयीचं पारंपरिक ज्ञान वापरण्याबद्दलच्या २०१० च्या नागोया प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात पूर्वसंमतीची अट आहे, आणि सगळी माहिती देऊन मग घेतलेली संमती, असा तिचा अर्थ आहे. आजींनी मूळ उगाळलं ते शिकायला आलेल्या एका मुलीसाठी. तिच्या वहीतून उद्या एखादं मलम निघू शकतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही ते सुचलं नव्हतं. पण त्या वहीवर मला पदवी मिळणार, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तेही मी त्यांना नीट सांगितलं नाही.

सहकारी म्हणतात, ‘माहिती देणारी व्यक्ती’ असा रकाना वाढवू, म्हणजे झालं. रकाना हवाच, मी त्यासाठी भांडेन. पण त्यात नाव भरल्याने परवानगी मिळाली असं होत नाही.

त्या कागदाची फक्त पुढची बाजू मी पाठवली आहे. आजी आता बहुधा नसतील; त्यांच्या हाताखाली शिकलेलं कुणी असेल. पाऊस सरला की तो कागद घेऊन जाणार आहे. त्यांना वाचून दाखवेन, आणि ते ‘खोडून टाक’ म्हणाले तर त्यांच्यासमोरच खोडेन.