सगळेच मारायला धावतात, कर्स कोण टाकणार?

आमच्या जळगाव-भुसावळकडची जी पोरं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाईन गेम खेळायला येतात ना, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, भो डॅमेज किती निघतं? कोण किती मारतंय ते दाखवणारं मीटर उघडून बसायचं, आपलं नाव वर आलं की खुश. मी वॉरलॉक (कर्स म्हणजे शाप टाकणारा जादूगार) खेळतो आणि मला मनापासून वाटतं की समोरच्याच्या नावाखाली जे बारके बारके आयकॉन दिसतात, स्टन (जागीच सुन्न करणं), स्लो, फियर (घाबरवून पळवणं), पॉइझन, कर्स, लढाई अर्धी तिथंच जिंकलेली असते. आणि आपल्यासारख्या लांबून खेळणाऱ्यांसाठी तर अर्धीपेक्षा जास्तच.

लांबून म्हणजे कसं, की सर्व्हर परदेशात, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) कधी दोनशे मिलिसेकंदांच्या वर, त्यात मे महिन्यात दुपारी लाईट गेली की राउटर इन्व्हर्टरवर आणि आपण घामाघूम. अशा वेळी समोरचा मॉब (गेममधला शत्रू) स्वतःला हील टाकायला, म्हणजे लाईफ भरून घ्यायला लागला तर त्याच्या कास्टिंगचा बार आपल्याला दिसेपर्यंतच वेळ निघून गेलेला असतो, समोरच्याची स्पेल मधेच तोडणारा रोग क्लासचा किक कधी लागतो कधी नाही लागत. तिथं मी कर्स ऑफ टंग्ज टाकून ठेवतो. वरच्या रँकला समोरच्याचा कास्टिंगचा, म्हणजे स्पेल टाकायचा वेळ 60 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे 3 सेकंदांचा हील 4.8 सेकंदांचा होतो. ते पावणेदोन-दोन सेकंद म्हणजे काय ते ज्याने हाय पिंगवर डंजन (पार्टीनं मिळून लढायची जागा) केलंय त्यालाच विचारा, आरामात बघून किक मारता येतो. पिंग आपल्या हातात नाही पण समोरच्याला हळू करणं आहे, मग ते का नाही करायचं?

तसाच दुसरा, कर्स ऑफ रेकलेसनेस. लोकांना वाटतं हा फक्त आर्मर कमी करायला. अरे पण तो लागलेला असेल तर मॉब पळतच नाही! डंजनमध्ये माणसासारखे मॉब थोडी लाईफ राहिली की पळत सुटतात आणि पुढच्या खोलीतले चार जण घेऊन येतात, पार्टी मरते ती बऱ्याचदा अशीच. मॉब 25-30 टक्क्यांवर आला की हा एक कर्स टाकायचा, तो जागेवरच उभा राहून लढतो. अटॅक पॉवर थोडी वाढते त्याची, पण टँक (पुढं उभा राहून मार खाणारा) ते सहज सांभाळतो.

आता डॉट, म्हणजे हळूहळू लागत राहणाऱ्या डॅमेजबद्दल. केळीवर करपा पडला की झाड त्या दिवशी काही आडवं होत नाही, पानं वाळत जातात आणि नुकसान घडाच्या वेळी कळतं, कर्स ऑफ ॲगनी तसाच आहे. 24 सेकंदांचा असतो, सुरुवातीचे टिक (डॅमेजचे हप्ते) कमी आणि शेवटचे सगळ्यात मोठे. म्हणून तो जास्त वेळ टिकणाऱ्या मॉबवर, तेही सगळ्यात आधी टाकायचा. जो सहा सेकंदात मरणार आहे त्याच्यावर टाकला तर माना (स्पेल टाकायची शक्ती) वाया, शेवटचे टिक येतच नाहीत.

आणि मेंढी केलेल्या मॉबवर डॉट टाकू नका रे, हात जोडून सांगतो! मेज या जादूगार क्लासने पॉलिमॉर्फ केलं, म्हणजे मॉबची मेंढी केली, की कुठलंही डॅमेज लागलं की तुटतं, डॉटचा एक टिक पण पुरतो. शिवाय मेंढी असताना त्या मॉबची लाईफ भराभर परत भरते, म्हणजे अर्धा मारलेला मॉब मेंढी करणं हे पण नुकसानच. आधी ठरवायचं, चंद्राची खूण ज्याच्यावर तो मेंढीवाला, कवटीची खूण ज्याच्यावर तो पहिला मारायचा, आणि मग पुल करायचा, म्हणजे मॉबला आपल्याकडं ओढायचं. मॉबला काही वेळ लढाईबाहेर ठेवणाऱ्या स्पेलपैकी कुणाला काय लागतं ते पाठ पाहिजे. मेंढी होते माणसासारख्या मॉबची आणि जनावराची, बॅनिश लागतो डीमन आणि एलिमेंटलला, शॅकल फक्त अनडेडला, हायबरनेट जनावर आणि ड्रॅगनला. मोल्टन कोअर या रेडमध्ये (40 जणांनी मिळून करायची मोठी लढाई) गार नावाचा बॉस आहे, त्याच्यासोबत आठ एलिमेंटल असतात, तिथं वॉरलॉक लोकांनी बॅनिश नीट सांभाळला तर सगळी रेड निवांत असते. ती लढाई मला फार आवडते कारण तिथं मीटरवर खाली असलेला माणूस सगळ्यात कामाचा असतो.

पीव्हीपीत, म्हणजे खेळाडू विरुद्ध खेळाडू, मात्र हिशोब वेगळा. तिथं एकाच प्रकारचा इफेक्ट त्याच माणसावर लागोपाठ टाकला तर पहिला पूर्ण वेळ चालतो, दुसरा निम्मा, तिसरा पाव, आणि चौथा लागतच नाही, इम्यून. साधारण 15 ते 20 सेकंद मोकळे गेले की परत पहिल्यापासून. आमच्या ग्रुपमधले शिरपूर-धुळ्याचे दोघं चांगले प्लेयर आहेत पण दोघं एकदमच स्टन मारायचे, म्हणजे एकाचा स्टन दुसऱ्याच्या खालीच संपायचा. आता व्हॉइसवर बोलून मारतात, एकाचा संपत आला की दुसरा फियर टाकतो कारण स्टन आणि फियरचा हिशोब वेगवेगळा चालतो. तेवढ्या एका बदलानं समोरचा हीलर हलूच शकत नाही.

रेडमध्ये तर जागेचीच मारामारी. मूळ गेम 2004 साली आला तेव्हा एका बॉसवर फक्त 8 डीबफ (समोरच्यावर लागलेले वाईट इफेक्ट) बसायचे, नंतर 16 झाले, आणि 2019 ला क्लासिक आला तो पण 16 वरच. रेडमध्ये माणसं 40. सतरावा टाकला की आधीचा एखादा गळून पडतो. म्हणून रेड लीडर वॉरलॉकला सांगतो करप्शन हा डॉट टाकू नको, थेट डॅमेजचा शॅडो बोल्ट मार आणि तुला दिलेला कर्स तेवढा चालू ठेव. नवीन पोरांना याचा राग येतो. पण बघा, वॉरियरचे सन्डर आर्मर पाच स्टॅक झाले, म्हणजे एकावर एक पाचदा लागले की बॉसचं आर्मर वरच्या रँकला 2250 नं कमी होतं, त्यावर प्रत्येक रोग, प्रत्येक वॉरियर जास्त मारतो. कर्स ऑफ एलिमेंट्सनं आग आणि बर्फाचं डॅमेज 10 टक्के वाढतं, म्हणजे सगळ्या मेज लोकांचं. एकट्याच्या करप्शनसाठी यातलं एक पाडायचं म्हणजे चाळीस जणांच्या ताटातलं काढून घेणं झालं, मला तरी ते पटत नाही.

स्टेटस इफेक्टची ताकद बघायची असेल तर झुलगुरुब या रेडमधला हक्कार. 13 सप्टेंबर 2005 ला हा बॉस गेममध्ये आला, त्याचा करप्टेड ब्लड नावाचा डीबफ जवळ उभ्या असलेल्याला लागायचा आणि तो रेडपुरताच राहायला पाहिजे होता. पण हंटर आणि वॉरलॉकच्या पेटला (सोबत लढणारा साथीदार प्राणी) लागलेला तसाच राहायचा, पेट परत शहरात बोलावला की तिथं पसरला, कमी लेव्हलची माणसं पटापट मेली, दुकानदार एनपीसी (गेमच चालवतो ती पात्रं) स्वतः मरत नव्हते पण दुसऱ्यांना देत होते. शेवटी सर्व्हर रीसेट करावे लागले. यावर 2007 साली लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस मध्ये एरिक लोफग्रेन आणि नीना फेफरमन यांचा पेपर आला, खऱ्या साथीत माणसं कशी वागतील ते यातून शिकता येईल का म्हणून. एका डीबफवर!

आणि त्याच बॉसला मारायचं कसं, तर विष स्वतःला लावून घेऊन. हक्कार ठराविक वेळानं सगळ्यांचं रक्त शोषतो आणि स्वतः हील होतो. पण सन ऑफ हक्कार मारला की विषाचा ढग पडतो, सगळ्यांनी शोषणाच्या आधी त्यात जाऊन उभं राहायचं, मग तो जे रक्त पितो ते विषारी असतं आणि हील व्हायच्या ऐवजी त्यालाच डॅमेज बसतं. इथं हीलरची सवय नडते, हिरवं विष दिसलं की बोट आपोआप क्लेन्सवर (विष काढायच्या स्पेलवर) जातं. तेव्हा गेममधल्या होर्ड या बाजूकडून जाणार असाल तर शमन क्लासवाल्याला आधीच सांगून ठेवा, पॉइझन क्लेन्सिंग टोटेम इथं अजिबात टाकायचा नाही, तो टोटेम जवळच्या पार्टीवाल्यांचं विष स्वतःहूनच काढत राहतो. विष काढू शकणाऱ्या ड्रुइडला पण सांगा. आणि ढग पडायच्या जागेपासून फार लांब उभे राहू नका, पिंग धरून दोन-तीन सेकंद आधीच निघा.