बाळाला बागेत नेऊन करायचं तरी काय?

पाळणाघरात मुलं सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. नवे आईबाबा भेटले की एक प्रश्न हमखास येतो: "अजून धड बसत नाही, बोलत नाही. त्याला बागेत नेऊन करायचं तरी काय?" बहुतेकांना एखाद्या खेळाचं नाव हवं असतं. मी म्हणते, सावलीत चटई अंथरा, बाळाला उताणं ठेवा आणि शेजारी बसून राहा. एवढंच? हो, एवढंच. समोरच्याचा चेहरा जरा पडतो.

पण बाळ तिथे रिकामं पडलेलं नसतं. जन्मतः त्याला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच त्यातल्या त्यात नीट दिसतं, म्हणजे दूध पाजणाऱ्या आईच्या चेहऱ्याइतकं लांब. पुढच्या काही महिन्यांत नजर दूर पोचते, हलत्या गोष्टीचा माग काढू लागते. वर पानं हलत असतात, मधूनमधून आभाळ दिसतं, उजेड-सावलीतला फरक ठळक असतो, आणि पुढच्या क्षणी काय दिसेल ते ठरलेलं नसतं. पाळण्यावर टांगलेलं फिरतं खेळणं त्या मानाने लवकर पाठ होतं.

पालथं ठेवायचं का, यावर जाणकारांतच मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की न रांगणाऱ्या बाळाला, ते जागं असताना, दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं ठेवावं. बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. उलट हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर, ज्यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टला बालगृह सुरू केलं, त्यांचं म्हणणं होतं की बाळ ज्या स्थितीत स्वतःहून जाऊ शकत नाही, त्या स्थितीत त्याला ठेवूच नये. उताणं ठेवा, पालथं ते आपलं आपण होईल. मी दोघांचंही थोडं थोडं ऐकते. पालथं ठेवते, पण कुरकुर सुरू झाली की उचलते. बाहेर ही कुरकुर उशिरा सुरू होते, कारण मान वर केली की समोर बघायला काहीतरी असतं. मुंगीसुद्धा पुरते. उश्यांचा आधार लावून बसवण्याची घाई मात्र मला मुळीच पटत नाही.

"आणि माती तोंडात घातली तर?" घालणारच. या वयात वस्तू ओळखायचा तो मोठा मार्ग आहे. म्हणून काळजी आधीच घ्यायची. चटईभोवती हात फिरवून खडे, बिया, काचा उचलून टाका. जवळ कण्हेर असेल तर जागाच बदला; तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. उघड्या वाळूत मांजरं घाण करतात, तेव्हा झाकलेली वाळूच बरी. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात नको. चोखायला मुठीपेक्षा मोठा, धुतलेला, गुळगुळीत दगड द्या. एवढं झालं की सारखं "छी, टाक ते!" म्हणत बसावं लागत नाही.

चालायला लागलेल्या मुलाचं काम सोपं. पाणी, वाळू, काटक्या, एखादा डबा. सायमन निकल्सन या चित्रकार-शिल्पकाराने १९७१ मध्ये मांडलं होतं की हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितका शोध लावायला वाव जास्त. घसरगुंडीवरून घसरायचंच असतं. काटकीचं काय करायचं ते मूल ठरवतं.

इथे मला खटकतात ते मोठ्यांचे प्रश्न. मूल डबक्यात काठी बुडवून बघत असतं आणि आपण विचारतो, "हा कोणता रंग? किती पानं आहेत? सांग बरं!" परीक्षा कशाला? त्याने वर बघितलं, काही दाखवलं, तर बोला, भरपूर बोला. नाहीतर गप्प बसा. मोठ्यांना ते फार जड जातं.

किती वेळ, हेही विचारतात. लहान बाळाने मान फिरवली, डोळे चोळले की आवरा, मग दहाच मिनिटं का झाली असेनात. दीड-दोन वर्षांचं मूल उठायला तयार नसतं. त्याला निघायच्या जरा आधी सांगून ठेवावं. रडारड तरीही होतेच, पण जरा कमी.