पोथीत लिहिलंय म्हणून?

मी देव मानते. श्रावणात पोथी वाचते, गणपतीत आरत्या तोंडपाठ म्हणते, एकादशीला उपास करते. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं वाचून काही जण ठरवतील की ही बाई नास्तिक झाली, तर तसं काही नाही. पण "नीती शिकायची ती धर्मग्रंथातूनच, नाहीतर माणूस जनावरासारखा वागेल" हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत, एसटीत, फॅमिली ग्रुपवर सगळीकडे, आणि बोलणारी माणसं वाईट नसतात, त्यांना खरंच काळजी वाटत असते पोरांची. मला फक्त त्यांना विचारायचंय की अहो कुठला ग्रंथ, त्यातला कुठला श्लोक, आणि बाकीचे सोडून तोच का घेतलात?

कारण हा प्रश्न आमच्या दापोलीच्या आसपास फार जुना आहे. मुरूडचे अण्णासाहेब कर्वे, पालगडचे साने गुरुजी, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे तर शेजारच्या मंडणगड तालुक्यात आणि त्यांचं लहानपण काही काळ दापोलीत गेलेलं, खाली चिपळूणजवळ परशुराम-पेढ्याकडचे पां. वा. काणे, आणि घाट न चढता वर गेलात की महाड. एवढ्याशा पट्ट्यात शास्त्राचं काय करायचं या एका प्रश्नाला इतकी वेगवेगळी उत्तरं दिली गेलीत की मला कधीकधी वाटतं आपण इथे राहून हे बोलत नाही हेच मोठं नवल आहे.

काण्यांपासून सुरू करते, कारण शास्त्राच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आधी त्यांना वाचायला हवं. त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला, इंग्रजीत, पहिला खंड १९३० ला आला आणि शेवटचा १९६२ ला, पुढच्याच वर्षी भारतरत्न. मी मराठीतला सारांश वाचलाय, तोही हळूहळू, मधे महिना महिना गॅप पडून. त्यात कलिवर्ज्य म्हणून एक प्रकरण आहे आणि ते वाचताना मी अक्षरशः ताठ बसले. म्हणजे काय तर, एकेकाळी शास्त्राने ज्या गोष्टींना परवानगी दिली होती, नियोग म्हणजे नवऱ्याऐवजी दिरासारख्या दुसऱ्या पुरुषाकडून मूल होऊ देणं, थोरल्या मुलाला इस्टेटीत जास्त वाटा, अशा पन्नासहून जास्त गोष्टी नंतरच्या शास्त्रकारांनीच कलियुगात करायच्या नाहीत म्हणून बंद केल्या. श्रुतीत आहे, स्मृतीत आहे, तरी बंद. का? तर लोकांना त्या आवडेनाशा झाल्या, खटकायला लागल्या. स्मृतिकार याज्ञवल्क्य तर सरळ सांगतो की धर्मात बसणारी गोष्ट असली तरी लोकांना तिचा तिटकारा असेल तर करू नये. आणि बृहस्पतीचं वचन आहे, केवलं शास्त्रमाश्रित्य न कर्तव्यो विनिर्णयः, नुसत्या शास्त्राचा आधार घेऊन निर्णय देऊ नका, युक्ती सोडून विचार केलात तर धर्माचीच हानी होते. म्हणजे ज्यांनी शास्त्र लिहिलं आणि सांभाळलं त्यांनासुद्धा शास्त्राबाहेरचं काहीतरी लागतच होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

त्याच यादीत समुद्रगमन पण आहे बरं का. जहाजाने समुद्र ओलांडून गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतलं तरी त्याला परत पंगतीला घ्यायचं नाही. हे मी हर्णैच्या बंदराजवळ राहणाऱ्या लोकांना काय सांगू, आज इथल्या निम्म्या घरातलं कोणी ना कोणी बोटीवर नाहीतर दुबईला आहे, आणि त्यांच्या पैशातून देवळांचे जीर्णोद्धार झालेत! तो नियम गेला, कुणी रडलं नाही, धर्म काही बुडाला नाही.

आता श्लोक निवडण्याचं बघा. पराशरस्मृतीत चौथ्या अध्यायात एकापाठोपाठ एक तीन श्लोक आहेत. पहिला, नष्टे मृते प्रव्रजिते, नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला, पतित झाला तर बाईला दुसरा नवरा करता येतो. दुसऱ्यात म्हटलंय की नवरा गेल्यावर ब्रह्मचर्याने राहिली तर स्वर्ग मिळतो. तिसऱ्यात, नवऱ्यामागे सती गेली तर अंगावर जितके केस तितकी वर्षं स्वर्ग. तिन्ही शेजारी शेजारी, एकाच पुस्तकात, एकाच ऋषीच्या नावावर. बंगालचे सुधारक ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी पहिला उचलला, त्यावर लढले आणि १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला. त्यांच्या विरोधकांनीही शास्त्रच काढलं, कलिवर्ज्यात पुनर्विवाहाला पण बंदी आहे ना! आपल्याकडे १८७० ला पुण्यात शंकराचार्यांसमोर याच विषयावर मोठा वाद झाला, दोन्हीकडून वचनांचा नुसता पाऊस, निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. मग मला सांगा, विद्यासागरांना पहिलाच श्लोक का दिसला? त्यांनी आधी त्या पोरी पाहिल्या होत्या, आठ-दहा वर्षांच्या, कपाळ पुसलेल्या. करुणा आधी आली, श्लोक नंतर सापडला. ज्याच्या मनात ती आली नाही त्याला तिसरा श्लोक सापडला. पुस्तक दोघांचंही तेच होतं.

हे फक्त आपल्याच धर्माचं आहे असं नाही. अमेरिकेत गुलामगिरीच्या बाजूचे पाद्री बायबलमधलं "दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा" वाचून दाखवायचे आणि गुलामगिरी मोडायला निघालेले लोक त्याच बायबलातली मिसरमधल्या म्हणजे इजिप्तमधल्या गुलामगिरीतून इस्रायली लोकांच्या सुटकेची गोष्ट सांगायचे.

कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं, त्या देवरुखच्या, लहानपणीच विधवा झालेल्या. मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. अख्खं गाव, शिकलेली, पोथी जाणणारी माणसं, रोज संध्या करणारी. त्यांनी ग्रंथ वाचले नव्हते असं कुणी म्हणू शकणार नाही.

आता आमच्या घरातलं. माझ्या आजोबांची एक आत्या होती, मी तिला पाहिलेलं नाही, सगळं आजीच्या तोंडून ऐकलेलं. अकराव्या वर्षी विधवा, अंगावर विधवेचं लाल अलवण, जन्म माहेरच्या माजघरात आणि परसात गेला, सोवळ्यात इतकी कडक की मुलं तिच्या वाऱ्याला उभी राहायची नाहीत. लिहिता-वाचता येत नव्हतं पण रोज पोथी ऐकायची, गुरुचरित्रातले पतिव्रतेचे आणि विधवेच्या आचाराचे अध्याय तिला जवळजवळ पाठ होते, त्यात विधवेने केस ठेवू नयेत हेही आलंच. स्वतः ते सगळं पाळलं तिने, कधी तक्रार केली नाही. आणि मग आजोबांची धाकटी बहीण, सोळा-सतराची असेल, नवरा तापाने गेला म्हणून माहेरी आली. घरातल्या पुरुषांनी ठरवलं, न्हावी बोलावला, तो परसात येऊन बसला, उपाध्येही आले. आणि ही आत्या, जिने आयुष्यात पुरुषांपुढे मान वर केली नव्हती, पडवीच्या दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली हिच्या केसाला हात लावायचा नाही. उपाध्ये पोथीतलं सांगायला लागले तर म्हणाली, "पोथी मी रोज ऐकत्ये. पण त्या दिवसापासून पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही." न्हावी परत गेला. पोरगी पुढे शिकली, मुंबईला शाळेत शिक्षिका झाली.

मी या गोष्टीचा खूप विचार केलाय. आत्याला हे कुणी शिकवलं? कर्व्यांचं नाव ऐकलं असेल तर शिव्यांतच ऐकलं असेल. सुधारकांचं एक पान वाचायची सोय नव्हती. पोथी तर उलट सांगत होती. मला एकच उत्तर सुचतं, की तो नियम तिच्या अंगावरून गेला होता. ज्याच्या अंगावरून नियम जातो त्याला त्याच्याबद्दल जे कळतं ते लिहिणाऱ्याला कळत नाही, मग तो कितीही मोठा ऋषी असू दे.

आणि म्हणूनच मला महाडची गोष्ट नीती या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. चवदार तळं सगळ्यांना खुलं करायचं हे कागदावर आधीच झालं होतं, मुंबई विधिमंडळातला बोल्यांचा ठराव १९२३ चा, नगरपालिकेनेही मग तसं ठरवलं होतं. त्या तळ्यावर गुरं पाणी प्यायची. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तिथे जाऊन पाणी प्यायली तर त्यांच्यावर हल्ला झाला आणि नंतर तळ्यात पंचगव्य ओतून ते शुद्ध करून घेतलं. मग २५ डिसेंबरला महाडलाच भरलेल्या परिषदेत मनुस्मृती जाळली. तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, परिषदेला कुणी जागा देईना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली, नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस बाबासाहेबांच्या बाजूने उभे होते. पुस्तक जाळलं याचं आमच्याकडे अजून काही लोकांना वाईट वाटतं. मी त्यांना म्हणते, तुम्हाला पुस्तकाचं वाईट वाटतं, ठीक आहे, पण तहानलेल्या माणसाला मारलं त्याचं आधी वाटू दे.

माझ्या भाच्याला, तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, हे सगळं सांगितलं की तो म्हणतो मग सोडा ना सगळे ग्रंथ, कशाला पाहिजेत. इथे माझं त्याच्याशी पटत नाही. साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले ते विठ्ठल मानत नव्हते म्हणून नाही, मानत होते म्हणूनच. बडव्यांचं शास्त्र एका बाजूला आणि संतांचे अभंग दुसऱ्या बाजूला, आणि ते अभंग नसते तर गुरुजींना लोकांशी कुठल्या भाषेत बोलता आलं असतं? तुकोबा म्हणतात, सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता. हेही आपल्याच परंपरेतलं आहे, देवघरातल्या गाथ्यात आहे, आणि ते सांगतंय की साक्ष मनाची काढ. ग्रंथ धीर देतात, शब्द देतात, एकटं पडू देत नाहीत. ते फेकायचे कशाला? फक्त त्यांना न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि ग्रंथ नसला तर माणूस जनावर होतो म्हणणाऱ्यांनी जरा अलिबागकडे बघावं. बेने इस्रायल लोक, आपल्या पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातले ज्यू, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं. त्यांच्यात सांगतात की पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. नंतर कित्येक पिढ्या हिब्रू विसरले, उरलं ते एवढंच, शेमा ही प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारी घाणा बंद ठेवणं, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. पुस्तक हातात नव्हतं. तेवढा काळ ते काय चोऱ्यामाऱ्या करत होते? शेजारीपाजारी राहिले, तेल गाळलं, मापात विकलं, मुलं वाढवली. आमच्या गावऱ्हाटीत, म्हणजे गावदेवाच्या रीतीभातीत, तसंच आहे की, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालताना कुठला ग्रंथ उघडतो आपण?

यावर एक जण मला फार चांगला प्रश्न विचारतात, की ताई, मन ग्वाही केलं म्हणता, पण मन काय आकाशातून पडतं? पंचगव्य ओतणाऱ्यांचं मनही त्यांना सांगतच होतं ना की आपण बरोबर करतोय. खरं आहे. मनही घरात, जातीत, गावात घडतं, आणि ते ग्रंथाइतकंच चुकू शकतं. म्हणून मी फक्त मनावर सोडत नाही. मला वाटतं कुठलाही नियम, पोथीतला असो, गावकीचा असो, नाहीतर आपल्याच मनातला, तो ज्याच्यावर पडतो त्याला आधी विचारा. त्याच्यासमोर बसा आणि ऐका. वाळीत टाकायची प्रकरणं अजून आपल्या रायगड-रत्नागिरीत होतात, २०१६ ला त्याच्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि तिथे तर ग्रंथाचाही संबंध नसतो, गावकीने बसून ठरवलेलं असतं. वाळीत टाकलेल्या घराला मात्र त्या बैठकीत कुणी बोलू देत नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापुरातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, सगळं बंद, आणि मग सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्या वाडीत यावर बरीच चर्चा झाली, एकीने विचारलंच की शास्त्राला चालतं का. यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे आहे. बोलावणं सगळ्यांना करायचं ठरलंय, नवरे गेलेल्यांनाही, आणि शास्त्राचं कुणाला न विचारता मी त्या बायकांच्या घरी जाऊन त्यांनाच विचारून आले. बहुतेकजणी येते म्हणाल्या. एक काकू म्हणाल्या की मला अजून धीर होत नाही, लोकांच्या नजरा नकोत, तर त्यांना म्हटलं नका येऊ, वाण मी घरी आणून देते, आणि पुढच्या वर्षी वाटलं तर या. बाकीच्यांना सांगून ठेवलंय की आग्रह कुणी करायचा नाही.