तुम्ही विचारलंत म्हणून : दहा कोंबड्यांना कायदा लागतो का?

“डॉक्टर, परसात दहा-बारा कोंबड्या पाळल्यात, त्याला परवाना लागतो का? कुणी तक्रार केली तर केस होते म्हणे.” पशुधन पर्यवेक्षकाची नोकरी परभणी-हिंगोलीकडच्या खेड्यांत संपवून आता घरी बसलोय, तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही. (खेड्यात पर्यवेक्षकालाही डॉक्टरच म्हणतात, मीही कधी कुणाला अडवलं नाही.) परवा भाचीनं फोनवर तेच विचारलं. तिनं बचत गटातून कर्ज काढून गिरिराज जातीच्या कोंबड्यांची पिल्लं आणलीत. म्हणून जरा बैजवार सांगतो.

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याला बंदी करणारा कायदा १९६० चा आहे. माणूस सोडून प्रत्येक जिवंत जीव त्यात ‘प्राणी’ धरला आहे, म्हणजे खुराड्यातली तलंगही (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) त्यात आली. पण तो कायदा कोंबड्या पाळायला परवाना मागत नाही, त्या कशा वागवता एवढंच विचारतो. हलताही येणार नाही अशा अडचणीत कोंडायचं नाही, हाल होतील असं वाहून न्यायचं नाही, उपाशी-तहानलेलं ठेवायचं नाही, झुंजी लावायच्या नाहीत. खाण्यासाठी कापायला मनाई नाही, विनाकारण हाल केले तर आहे. आणि दंड? पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आज गावरान अंड्यांचं अर्धं डझनही येत नाही. हा दंड वाढवायचा मसुदा २०२२ मध्ये निघाला होता. शहरात राहत असाल तर महापालिकेत एकदा विचारून घ्या, तिथली गोष्ट निराळी असू शकते.

बाकी नियमांची जी चर्चा कानावर येते ती बहुतेक मोठ्या पोल्ट्रीच्या शेडवाल्यांची. विधी आयोगानं २०१७ मध्ये अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांवर आख्खा अहवाल दिला. २०१९ मध्ये केंद्रानं नियमांचा मसुदा काढला, त्यात पिंजऱ्यातल्या एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटीमीटर जागा सांगितली होती. झेरॉक्सचा ए-फोर कागद याहून मोठा असतो. आपली कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, राखेत लोळते, संध्याकाळी आपल्या पायानं खुराड्याकडे येते. म्हणून “हे नियम गरिबाच्या मुळावर उठलेत” असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. गरिबाची कोंबडी त्या कागदांत फारशी आलेलीच नाही, आणि माझी तक्रार उलट तीच आहे.

आठवडी बाजाराचं बघा. पायाला सुतळी, सहा-सात कोंबड्यांची जुडी मोटारसायकलच्या हँडलला उलटी टांगलेली, चोची उघड्या. कोंबडीला घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून ती अंगातली उष्णता काढते, आणि उलटं टांगल्यावर पोटातल्या आतड्यांचा भार फुफ्फुसांच्या बाजूला येतो. हा छळच आहे, दंड दहा रुपये असो की दहा हजार. वाहतुकीच्या नियमांत २००१ मध्ये कोंबड्यांसाठी वेगळं प्रकरण घातलं. त्यात एक अट अशी, की तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ च्या खाली असेल तर कोंबड्या न्यायच्या नाहीत. आता परभणीत हे कसं पाळायचं? मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे, जानेवारीच्या दुपारीही पंचवीस ओलांडतो आणि त्याच जानेवारीत पहाटे पंधराच्या खाली घसरतो. पावसाळ्यातल्या रात्री आणि थंडीतले सकाळ-रात्रीचे काही तास, एवढाच काय तो मुहूर्त उरतो. ज्यानं ही अट लिहिली त्यानं मराठवाड्यातला उन्हाळा पाहिला नसावा. तरी मी एवढं सांगत आलोय, की बाजाराला तांबडं फुटायच्या आत निघा, सुतळीऐवजी डालगं (बांबूची टोपली) घ्या, वरून ओलं पोतं टाका.

खरा कायदा दारात येतो तो रोगाच्या वेळी. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू निघाला, आणि भोवतालच्या एक किलोमीटरमधले पक्षी मारायचा हुकूम झाला. तिथं मात्र ‘तुमच्या दहाच आहेत’ अशी सूट नाही. शेडमधल्या हजारो आणि म्हातारीच्या पाच, दोन्हींना एकच न्याय. रोग थांबवायचा तर ते करावंच लागतं, यात वाद नाही. वाद भरपाईचा आहे. तेव्हाचा दर आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये आणि सहा आठवड्यांवरच्या मांसलला ७० रुपये होता. गावरान कोंबडी आखाडात चारशे-पाचशेला जाते, शिवाय ती खुडूक बसून पुढची दहा पिल्लं काढणारी असते. त्यातही भरपाई मारलेल्या पक्ष्याची, आधीच मेलेल्याची नाही. मग पथक येतंय असं कळलं की कोंबडी टोपलीखाली घालून पलीकडच्या गावी बहिणीकडे जाते, आणि रोगही तिच्याबरोबर जातो. नव्वद रुपये देऊन ही लपवाछपवी थांबायची नाही.

आणि एक, बर्ड फ्लूपेक्षा कितीतरी जास्त कोंबड्या मानमोडीनं, म्हणजे राणीखेत रोगानं जातात. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, चार दिवसांत खुराडं रिकामं. त्यावर लासोटा लस आहे, पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पण बाटली सहसा शंभर किंवा जास्त मात्रांची मिळते, बर्फात आणावी लागते आणि एकदा द्रावणात मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणणार? मोठ्या शेडवाल्याला ही अडचण नाही. जनावरांच्या कल्याणाच्या नावानं सरकारला परसातल्या कोंबडीसाठी एकच गोष्ट करायची असेल तर वीस मात्रांची बाटली गावात पोहोचवावी, मी बाकी सगळे नियम माफ करीन.

तोवर भाचीला सांगितलं ते असं : परवान्याचं डोक्यातून काढ. गल्लीत कुणाकुणाकडे पिल्लं आहेत ते विचार, शंभराचा आकडा जुळला की जनावरांच्या दवाखान्यात बाटली मिळते का बघ. बर्फाचा थर्मास ने. लस पहाटे टाकायची, कोंबड्या अजून खुराड्यात असताना. दार उघडून मागं धावत बसलात तर दुपार होईल आणि बाटलीही वाया जाईल. “बाटलीचे पैसे कोण देणार मामा?” म्हणाली. गटाच्या बैठकीत ठरवा म्हटलं, पिल्लामागं वाटणी करा.