सहा वाजताचा हँडओव्हर : मुंबई हायवरची माझी पहिली हिच

ऑफशोअर रिगवर, म्हणजे समुद्रात तेलाची विहीर खोदणाऱ्या तळावर, कोणाचंच काम अख्ख्या दिवसाचं नसतं. बारा तास तुम्ही, बारा तास दुसरा. विहिरीला मात्र शिफ्ट नसते, ती चोवीस तास जागी असते. त्यामुळे शिफ्टमध्ये तुम्ही काय केलंत याला जितकी किंमत, तितकीच जाताना पुढच्या माणसाला काय सांगून गेलात, म्हणजे हँडओव्हरलाही. हे मी पहिल्या हिचवर शिकलो. आमच्याकडे समुद्रातल्या एका फेरीला हिच म्हणतात. केमिस्ट्री करून या क्षेत्राचा विचार करणारी बरीच मुलं-मुली माझ्याकडे चौकशी करतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

मी कोल्हापूरला एम.एस्सी. केलं आणि ड्रिलिंगची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत ट्रेनी मड इंजिनिअर, म्हणजे ड्रिलिंगला लागणारा द्रव सांभाळणारा शिकाऊ, म्हणून लागलो. नेमणुकीचं पत्र हातात आलं तरी रिग लांबच असते. आधी मेडिकल होतं : रक्तदाब, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कानांची तपासणी, रंगांधळेपणा. एक सल्ला मनापासून देतो. दाढ दुखत असेल तर ती आधीच दाखवून घ्या. रिगवर मेडिक असतो, दंतवैद्य नसतो, आणि एका दाढेसाठी हेलिकॉप्टर येत नाही.

मेडिकलनंतर समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण. माझं गोव्यात बेतूलला झालं. ओएनजीसीची सुरक्षा संस्था तिथे आहे आणि तिथलं सी सर्व्हायव्हल सेंटर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं. आग विझवणं, धुराने भरलेल्या खोलीतून भिंत चाचपत बाहेर पडणं, उंचावरून पाण्यात उडी, उलटी झालेली लाइफ राफ्ट सरळ करणं असं सगळं करून घेतात. खरी धास्ती असते ती हेलिकॉप्टरच्या सांगाड्याची. त्यात पट्टे बांधून बसवतात, सांगाडा तलावात उतरवतात आणि पाण्याखाली उलटा करतात. नाकात पाणी जातं, वर कुठे आणि खाली कुठे तेच कळत नाही. म्हणून दिशा ओळखायला डोळ्यांऐवजी हातावर भरवसा ठेवायला शिकवतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर. सांगाडा हलायचा थांबेपर्यंत थांबायचं. मग खिडकी ढकलून पाडायची, तो हात चौकटीवर पक्का ठेवायचा आणि त्यानंतरच पट्टा सोडायचा. पट्टा आधी सुटला तर माणूस तरंगत भलतीकडे जातो आणि दार हरवतं. लाइफ जॅकेट आत असताना फुगवायचं नाही, कारण फुगलेलं जॅकेट तुम्हाला आतल्या आत वर दाबून धरतं. आमच्या तुकडीत पोहायला न येणारी मुलं होती. तीही पार पडली. पोहता येण्यापेक्षा क्रम न विसरणं जास्त कामी येतं. हे प्रशिक्षण एकदा घेऊन संपत नाही, ठराविक वर्षांनी पुन्हा करावं लागतं.

घरी आईला तौक्ते आठवत होतं. मे २०२१ मध्ये वादळात पी-३०५ बार्ज बुडाला, त्या बातम्या तिने टीव्हीवर दिवसच्या दिवस पाहिल्या होत्या. "हेच समुद्रातलं काम ना रे?" एवढंच तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिच्याशी खोटं बोलावंसं वाटलं नाही.

जुहूच्या हेलिबेसवर सामानासकट तुमचंही वजन करतात. काडेपेटी, लायटर चालत नाही. दारूचा तर प्रश्नच येत नाही. सुरक्षेची फिल्म दाखवतात, जॅकेट आणि कानावरचे मफ देतात, आणि मुंबई काही मिनिटांत मागे पडते. मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला आहे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तिथे तेल शोधलं आणि २१ मे १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. त्यानंतर त्या भागात प्लॅटफॉर्मांचं गावच उभं राहिलं. वरून पाहताना ते पहिल्यांदा समजतं. पाण्यात पिवळे-राखाडी ठिपके, त्यांना जोडणारे पूल, कुठेकुठे नको असलेला वायू जाळणारी फ्लेअर, मध्ये फिरणाऱ्या सप्लाय बोटी.

आमची रिग जॅक-अप. तिला तीन जाळीदार पाय असतात. जागेवर आणल्यावर ते समुद्रतळाशी टेकवतात आणि रिगचा अख्खा देह पाण्याच्या वर उचलतात. तिथे समुद्राची खोली साधारण ७५ मीटर, त्यामुळे हे जमतं. जॅक-अप जहाजासारखी डुलत नाही, पण थरथरते. इंजिनांची, पंपांची ती थरथर गादीतून पाठीला लागते आणि दोन-तीन दिवसांनी तिच्याशिवाय झोप येईनाशी होते.

आता मडविषयी. वडिलांना मी फोनवर समजावलं ते असं : आपल्या मळ्यात बोअर मारली तेव्हा तुम्ही वर येणारी भुकटी चिमटीत घेऊन बघत होता ना, रंग बदलला की खडक बदलला, तसंच इथेही. फक्त भुकटी वर आणायला आम्ही खास बनवलेला द्रव वापरतो, त्याला मड म्हणतात. पाण्यात क्षार, पॉलिमर, बेंटोनाइट किंवा बराइट अशा गोष्टी गरजेप्रमाणे मिसळून तो करतात. तो ड्रिल पाइपच्या आतून खाली जातो, खडक कापणाऱ्या टोकाला, म्हणजे बिटला, थंड करतो, खडकाचे तुकडे घेऊन बाहेरच्या बाजूने वर येतो. वर आल्यावर शेल शेकरच्या जाळ्या तुकडे बाजूला काढतात आणि मड पुन्हा टाकीत जातं. जिऑलॉजिस्ट ते तुकडे धुऊन भिंगाखाली बघतात.

पण मडचं सगळ्यात मोठं काम वजन देण्याचं. खडकातल्या तेलावर, वायूवर दाब असतो. मडच्या स्तंभाचा दाब त्याहून थोडा जास्त ठेवला की ते जागेवर राहतात. हजार मीटर पाण्याचा स्तंभ तळाशी साधारण ९८ बार दाब देतो. मडची सापेक्ष घनता १.२ असेल तर तोच आकडा सुमारे ११८ होतो. वजन कमी पडलं तर खडकातला द्रव विहिरीत घुसतो, त्याला किक म्हणतात. किक आवरली नाही तर ब्लोआउट, म्हणजे तेल-वायू बेकाबू होऊन वर उसळतो. वजन जास्त झालं तर खडक फाटतो आणि मड त्यात जिरायला लागतं. मुंबई हायचा तेलाचा मुख्य थर चुनखडकाचा आहे. त्यात भेगा, पोकळ्या असतात आणि इतकी वर्षं तेल काढल्यामुळे दाबही उतरलाय, म्हणून तिथे मड जिरण्याची डोकेदुखी नेहमीची. मग कॅल्शियम कार्बोनेट, अभ्रकाचा चुरा असलं साहित्य मिसळून भेगा बुजवाव्या लागतात.

म्हणून मड इंजिनिअरची अर्धी नजर तपासणीवर आणि अर्धी टाक्यांच्या पातळीवर. बॅलन्सवर घनता, मार्श फनेलमधून दाटपणा. या फनेलमधून साधं पाणी २६ सेकंदांत उतरतं, मड त्याहून सावकाश. मग व्हिस्कोमीटर, फिल्टर प्रेस, क्लोराइडचं टायट्रेशन. कॉलेजमध्ये सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन मार्कांसाठी केलं होतं. इथे त्या आकड्यावर रात्रीचं ड्रिलिंग ठरतं, ही जाणीव मला फार मोलाची वाटते.

माझे सीनियर, ज्यांना मी सर म्हणायचो, डोंबिवलीचे, दिवसाच्या शिफ्टला. मला रात्रीच्या शिफ्टला आसामच्या एका अनुभवी इंजिनिअरच्या हाताखाली दिलं. सगळे त्यांना दादा म्हणत. पहिल्या संध्याकाळी हँडओव्हर बघितला आणि मी थक्क झालो. शिफ्ट सहाला बदलायची, तरी दादा साडेपाचला हजर. सरांनी कागद त्यांच्या हातात दिला, पण तिथे वाचू दिला नाही. "आधी चला," म्हणाले. दोघं प्रत्येक टाकीपाशी गेले. कुठल्या टाकीत किती मड, कुठला वॉल्व्ह उघडा, कुठला बंद, बराइटच्या सायलोत किती साठा, कुठल्या शेकरची जाळी फाटत आलीय. ज्या वॉल्व्हबद्दल सर बोलत त्यावर दादा हात ठेवत. शेवटी सर म्हणाले, "तीन आणि चार नंबरच्या टाकीमधला वॉल्व्ह नीट बसत नाहीये. मेकॅनिकला सांगितलंय, अजून झालेला नाही." दादांनी ते स्वतःच्या वहीत पुन्हा लिहून घेतलं.

रात्री चहाला मी विचारलं, कागदावर असताना पुन्हा कशाला लिहायचं? दादांनी पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मबद्दल सांगितलं. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्र. दिवसाच्या लोकांनी एका पंपाचा सेफ्टी वॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि तिथे नुसतं झाकण बसवलं होतं. कामाच्या परवान्यावर, म्हणजे परमिटवर, ते होतं, पण रात्रीच्या माणसांपर्यंत ते पोचलं नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा चालू केला. १६७ माणसं गेली. "कागद होता," दादा म्हणाले, "सांगणं नव्हतं."

त्यानंतर काही दिवसांनी, मध्यरात्रीच्या जेवणानंतर, चालू टाकीची पातळी चढायला लागली. पातळी चढणं म्हणजे खडकातून काहीतरी विहिरीत येत असण्याची शक्यता. दादांनी ड्रिलरला फोन केला आणि वॉल्व्हची नोंद वाचून दाखवली : शेजारच्या टाकीतून मड झिरपत असू शकतं. कारण उघड होतं, तरीही ड्रिलरने ड्रिलिंग थांबवलं, पाइप वर उचलला, पंप बंद केले आणि विहीर वाहतेय का ते बघायला सुरुवात केली. दारात उभं राहून मी फ्लो लाइनकडे, म्हणजे विहिरीतून मड परत येतं त्या पाइपकडे, बघत होतो. पंप बंद असताना तिथून मड येत राहिलं तर किक. ती पंधरा मिनिटं मला फार लांब वाटली. फ्लो लाइन कोरडी राहिली. मग आम्ही दोन्ही टाक्यांचे आकडे जुळवले. एकीत जितकं वाढलं होतं तितकंच दुसरीत कमी झालं होतं. वॉल्व्हच झिरपत होता.

मला यातली दोन्ही माणसं महत्त्वाची वाटतात. सरांनी किरकोळ वाटणारी गोष्ट सांगितली, म्हणून काही मिनिटांत कारण सापडलं. आणि ड्रिलरने नोंद ऐकूनही विहीर तपासलीच. नोंद आहे म्हणून तपासणी टाळायची नाही, आणि तपासणी होणारच म्हणून नोंद टाळायची नाही. हा तरुण ड्रिलर पंजाबचा होता. थांबवल्याबद्दल त्याला कोणी एका शब्दाने बोललं नाही. रिगवरचं पाइप-डेक धुणारा मुलगासुद्धा काम थांबवा म्हणू शकतो, आणि चांगल्या रिगवर तो खरंच म्हणतो.

बाकीचं जगणं बारा तासांच्या चौकटीत बसतं. सकाळी सहाला शिफ्ट संपली की आंघोळ, जेवण, झोप. केबिन दिवस-रात्रवाल्यांची मिळून असते, म्हणजे तुम्ही झोपता तेव्हा दुसरा कामावर. बंकला पडदा असतो आणि पडदा ओढलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही, हा तिथला न लिहिलेला नियम. गॅली, म्हणजे जेवणघर, चार वेळा उघडते, मध्यरात्रीही गरम पोळ्या मिळतात. रात्रपाळीच्या लोकांना सकाळी रस्सा-भात हवा असतो, दिवसवाल्यांना पोहे. जेवणाखाण्याची व्यवस्था बघणारा कॅम्प बॉस दोन्ही सांभाळतो आणि त्याचं कौतुक फार कमी लोक करतात. सप्लाय बोट पावसाळ्यात लांबली की आधी ताजी भाजी संपते. घरी बोलायला रिक्रिएशन रूममध्ये इंटरनेट असतं, पण मोबाइल राहण्याच्या भागाबाहेर नेता येत नाही. वायूच्या जागी ठिणगीचा धोका असतो.

दर आठवड्याला ड्रिल, म्हणजे धोक्याच्या वेळचा सराव, होते. भोंगा वाजला की हातातलं काम सुरक्षित करून मस्टर स्टेशनवर, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या जागी, जायचं, आपल्या नावाचं कार्ड फिरवायचं. रिगवर किती माणसं आहेत तो आकडा रेडिओ रूमकडे कायम असतो, आणि कार्डं त्या आकड्याशी जुळेपर्यंत ड्रिल संपत नाही. नव्या मुलांना ते कंटाळवाणं वाटतं. जुने लोक २७ जुलै २००५ ची आठवण सांगतात. मुंबईतल्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी एका जखमी माणसाला बोटीवरून प्लॅटफॉर्मवर घेत असताना बोट समुद्रतळावरून वायू वर आणणाऱ्या राइझर पाइपवर आदळली. मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म त्या आगीत संपला, २२ जण गेले, आणि शेकडो माणसं पाण्यातून वाचवली गेली. हे ऐकल्यावर मी कार्ड फिरवायला कधी रेंगाळलो नाही.

मनावर ताण येतो तो घरच्या गोष्टींचा. ओएनजीसीच्या लोकांची फेरी साधारण १४ दिवस समुद्रात आणि १४ दिवस घरी अशी, आमच्यासारख्या कंत्राटदारांची बहुधा २८ दिवसांची. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्या गैरहजेरीत झालं. निघण्याआधी मी धाकट्या भावाला कागदपत्रं, औषधांच्या वेळा, डॉक्टरांच्या तारखा सगळं लिहून दिलं होतं आणि त्याच्याबरोबर एकदा दवाखान्यात जाऊनही आलो होतो. फोनवर तो म्हणाला, "दादा, तू सांगितलं होतंस तसंच केलं." मला त्या रात्री शांत झोप लागली.

माणसं बदलण्याच्या, म्हणजे क्रू चेंजच्या दिवशी धुकं होतं आणि हेलिकॉप्टर दुपारपर्यंत आलंच नाही. बॅग भरून बसलेली माणसं खिडकीशी जाऊन-येऊन होती. माझ्या जागी येणारा मुलगा ज्या हेलिकॉप्टरने येणार त्यानेच मी जाणार, त्यामुळे आमची भेट जेमतेम दोन मिनिटांची असणार होती. म्हणून दादांनी मला दोन पानी हँडओव्हर लिहायला लावला होता, आणि ते स्वतः आणखी आठवडाभर राहणार होते. जिन्यात तो मुलगा भेटला. हेलिकॉप्टरच्या आवाजाने अजून मोठ्याने बोलत होता. त्याने पहिलंच विचारलं, "तो तीन-चारचा वॉल्व्ह?"

"बदललाय. टेस्टही झालीय. तारीख दुसऱ्या पानावर आहे. पण दादांबरोबर जाऊन हात लावून बघ."